विम्याच्या कागदावरच्या दोघी

माझं माहेर तासगावच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी. भावाच्या पाठीवर मी झाले, आईबापाला लेकीची हौस हुती म्हनून नाव ठेवलं हौसा. हौसा बापू चव्हाण. मग लगीन झालं, आन् आमच्याकडची रीत तुमाला ठावंच आसंल ताई, परातीत तांदूळ पसरलं, त्येच्यावर अंगठीनं नवं नाव काढलं, सुनंदा. हितनं फुडं तू सुनंदा म्हनले, मी मान हालवली. झालं. सासरी सुनंदा, माहेरी हौसा. उभा जलम ह्या दोन नावांत गेला, कवा काय अडलं न्हाई, कुनी इचारलंबी न्हाई.

लगीन झालं आन् मालक लगीच कतारला आले, हितं दुखान गावाला, तेलाच्या कंपनीत क्रेनवर. मी तिकडं सासूसासरं, लेक, जनावरं बघत बसले. सुट्टीवर आले की लेकीला उचलायला जायचे, तर ती भोकाड पसरायची, हा कोन बाबा आला म्हनून. सासूबाई गेल्या तवाबी त्यास्नी यायला जमलं न्हाई. मी फोनवर म्हनायचे, बास झालं, या आता घरी. ते म्हनायचे, एवढं वरीस काढतो. त्येंचं एवढं वरीस काय संपलंच न्हाई बगा. मग लेक नांदायला गेली, सासरंबी गेलं, आन् ह्यास्नी मोठा ग्रेड मिळून कंपनीच्या वसाहतीत घर मिळालं, तवा मला बोलावलं. म्हातारपनी माझा संसार सुरू झाला ताई, खरं सांगते, हसू नका. सकाळी डबा करायचा, सांजचं दोघांनी समुद्राकडं चालत जायचं. ह्यास्नी भेंडी आवडत न्हाई हे मला हितं आल्यावर कळलं. इतकी वर्सं सुट्टीवर आले की मी कौतिकानं भेंडीच करायची, आन् हे मुकाट खायचे!

तर विम्याचं इचारलं तुमी. काय सांगू तुमाला, मला त्यातलं अजून धड कळलेलं न्हाई. कंपनी दरसाल ह्या दिवसांत विम्यात नावं घालती. आधी हे कायतरी सही करून यायचे, एक कार्ड यायचं, मी ते पर्समदी टाकायची, खलास. औंदा विमावालेच बदलले. नवे म्हनाले, साठीच्या वरच्या मानसाला पयली कायकाय दुखनी झाली, त्येचं कागद जोडा, न्हाईतर नाव घेनार न्हाई. आन् माझ्या हृदयाचा वॉल, झडप म्हनत्यात ती, झालाय ना बदलून! भावाच्या लेकीच्या लग्नाला गेले हुते, हळदीच्या दिवशीच चक्कर येऊन पडले, भावानं तशीच उचलून मिरजंला दवाखान्यात घातली. रगत पातळ ठेवायची गोळी रोज हाय, महिन्याला रगत तपासायचं, ते हितं सरकारी दवाखान्यात हुतंय. पन मालक म्हनाले, मोठं काय निघालं तर बिनविम्याचं आपल्याला झेपायचं न्हाई. विमा न्हाई झाला तर तू गावी ऱ्हा, मिरज जवळ, भाऊ जवळ.  आता कुठं दोघं एका घरात जेवायला लागलो हुतो, आन् परत मी तिकडं, हे हितं?

शेजारी रत्नागिरीच्या जुलेखाभाभी ऱ्हातात, मानूस सोन्यासारखं, त्या म्हनाल्या, अगो कशाला सांगतेस वॉलबिल, फकत बीपी सांग. मालक म्हनाले, खोटं सांगितलं आन् सापडलं तर सगळंच जाईल. लेकीला फोन लावला तर ती म्हनती, आई सगळं डिक्लेर कर. डिक्लेर म्हंजे काय गं, तर म्हनती सांगून टाक. एक म्हनतंय सांग, एक म्हनतंय सांगू नगं, माझं डोस्कं भनभनाया लागलं. शेवटाला म्हनलं, सांगते बाई. लपवून कुठं ठिवनार, छातीवर ही एवढी शिवन हाय.

भावानं मिरजंचे कागद मोबाईलवर धाडले, मालकांनी ते हापिसात दिले. दुसऱ्या दिवशी एचआरच्या पोरीनं आमा दोघांस्नी बोलावलं. पोरगी गोड, केरळची आसावी. म्हनती, आंटी, ये हौसा बापू चव्हाण कौन है? मी म्हनलं, मैंच है. मग म्हनती, तो सुनंदा जगताप कौन है? म्हनलं, वो बी मैंच है. ती माझ्याकडं बघती, मी तिच्याकडं बघते. आता माझ्या ध्येनात आलं, भावानं दवाखान्यात त्याच्या तोंडातलं नाव सांगितलं हुतं, बापाचं नाव, माहेरचं आडनाव. त्येला सुनंदा आठवायचं काय कारन? त्यो जलमात मला सुनंदा म्हनलेला न्हाई. मी त्या पोरीला तांदळाची परात, अंगठी, समदं हातवारं करून सांगितलं. ती म्हनाली, आंटी, शादी में सरनेम बदलता है, ये तो पूरा आदमी बदल गया. मी म्हनलं, हां, हमारे में ऐसाच होता है. हसली बिचारी, पन म्हनाली, विमावाले म्हनत्यात ऑपरेशन झालेली बाई येगळी, विमा मागनारी येगळी, कागद पुरा न्हाई.

घरी येऊन भावाला फोन लावला तर त्यो उलटा पेटला. म्हनतोय, हौसाच तुझं खरं नाव, ते दुसरं तर सासऱ्यानं ठेवलेलं. मालकांनी फोन हिसकला, म्हनले, पावनं काय म्हनताय, मग मी लगीन कुनासंगट केलं? भाऊ म्हनला, हौसासंगट. हे म्हनले, सुनंदासंगट. दोघं पार हातघाईवर. मी मधी म्हनलं, आरं पन माझ्या वॉलचं काय? तवा कुठं थंड झाले. मग भाऊ तालुक्याला गेला, स्टांपावर लिहून घेतलं, हौसा बापू चव्हाण आन् सुनंदा शंकर जगताप ह्या दोन्ही नावांची बाई एकच हाय, शिक्का मारून घेतला. कागद आला, हापिसात गेला, मी रोज मालकांस्नी इचारायची, झालो का वो आमी दोघी एक? ते म्हनायचे, इन्शाल्ला. हितं राहून त्येंचंबी तसंच झालंय बोलनं.

आन् परवा मालक दुपारी घरी आले. दुपारचे कवा येत न्हाईत. मी भाकरी टाकत हुते. म्हनाले, विम्याचं आलं. मानलं त्यांनी, दोघी एकच हाईत. मी हात जोडले. म्हनाले, थांब. दोघी एकच हाईत म्हंजे वॉल तुझाच, म्हंजे दुखनं जुनंच, आन् जुन्या दुखन्याला पयलं वरीसभर काय मिळनार न्हाई. तापाला मिळंल, पाय मोडला तर मिळंल, छातीला न्हाई. आता बगा ताई, पयलं म्हनले ती तू न्हाईसच, म्हनून देत न्हाई. ती मीच म्हनून शिक्का आनला, तर म्हनत्यात ती तूच, म्हनून देत न्हाई! ह्येला काय म्हनायचं?  मालक म्हनले, मलाबी दोनदा समजावून घ्यावं लागलं.

मी भाकरीचा तवा उतरवला, आत गेले, बॅग वढली पलंगाखालनं. म्हनलं, रडत बसायचं न्हाई, ह्यास्नी तरास नगं. गोळ्या भरल्या, दोन लुगडी टाकली. हे दारात हुबं ऱ्हाऊन बघत हुते. म्हनलं, माझं तिकीट बघा मग. तर म्हनले, काढली. दोन काढली. मी म्हनलं, दुसरं कुनाचं? मालक म्हनाले, आगं माझं. करारावर सही केली न्हाई आज.

त्येंचा करार दरसाल नवा हुतोय ना, साठी झाल्यापासनं. ह्याच आठवड्यात कागद आला हुता. हापिसातल्या सायबानं म्हनं लई समजावलं, हात अजून पक्का हाय, एवढं वरीस काढा. हे म्हनले, नगं. मी खाली बसले आन् लई रडले ताई. लेकीनं वाट बघितली, सासूनं वाट बघत जीव सोडला, मी घसा फोडून बोलावलं, कवा आले न्हाईत. आन् आता एका विम्याच्या कागदानं निघाले! रागबी आला मला, खोटं कशाला बोलू. जवळ घेतलं त्यांनी तरी राग जाईना.

आता काळजीबी लागलीया. गावात ह्येंच्या वयाचं कुनी ह्यास्नी वळखत न्हाई, म्हशीला हात लावायचं इसरले आसतील, आन् तिकडं ह्या वयात आमा दोघांस्नी कोन विमा देनार, तितं परत हौसा का सुनंदा, काय सांगायचं, मला काय बी ठावं न्हाई. जुलेखाभाभी रोज येऊन रडत्यात, रडता रडता बॅगाबी भरू लागत्यात. देव तुमच्या घरधन्याला तुमच्या डोळ्यांफुडं ठेवो ताई, दुसरं काय मागू तुमच्यासाठी. तिकिटं दोन हाईत, एवढं मला कळलंय, बाकीचं न्हाई कळलं तर ऱ्हाऊ दे.