साद

…बरं, चित्र आहे तर बघू द्या ना माणसाला निमूटपणे! नाही, तीन विद्वान मध्ये आडवे. तुम्हाला सांगतो, तिकडे दक्षिणेच्या दलदलीतल्या आमच्या चिबायिशहून पहाटे निघालो, बगदाद येईस्तोवर कंबरेचा पार खुळखुळा, का, तर आमच्या हसनाने, माझ्या पोरीने, काढलेलं चित्र इथे प्रदर्शनात भिंतीवर टांगलंय. अकरा महिने बोललेली नाही माझ्याशी, म्हटलं चित्राच्या निमित्ताने तरी बोलेल. आणि चित्रात काय? भेगाळलेली जमीन, वाळलेले बोरू, एक पाठमोरी काळी म्हैस चालत निघालीय, आणि लांब एक माणूस तोंडाशी हात धरून तिला हाक मारतोय. झालं. पण चष्मेवाले साहेब लागले सांगायला, "मानव निसर्गाला साद घालतोय… आणि निसर्ग परत येतोय! ही आशा आहे, आशा!" शेजारच्या बाई म्हणे, "काय खोली आहे ना!" आता पाणीच आटलं तिथे खोली कुठली? पण मी काय बोलणार, मी म्हशीवाला माणूस.

अहो, ती म्हैस म्हणजे आमची वर्दा आहे. पाणी उरलं ते खारट, तेच पिऊन पिऊन दोन्ही डोळ्यांवर पडदा आला तिच्या, चारा नाही, मरणार तर होतीच… बोलावला खाटकाचा ट्रक. चार गडी ओढतायत, शेपूट पिरगाळतायत, ही जागची हलेल तर शपथ! आमच्याकडे प्रत्येक म्हशीची हाक वेगळी असते, त्या हाकेशिवाय ती पाऊल उचलत नाही, आणि वर्दाची हाक हसनानेच लहानपणी बसवलेली. पोरगी तेव्हा बगदादला, कॉलेजात. मग कोण मारणार हाक?

मी मारली. हसनाच्या सुरात.

शेजाऱ्याने फोनवर तिला सगळं सांगितलं, तेव्हापासून अबोला, आणि तेच तिने काढलंय. त्या माणसापलीकडे काळी पट्टी आहे, साहेब म्हणतात, "ते अज्ञात क्षितिज." कसलं क्षितिज? ट्रकात चढवायची फळी ती. पण मी म्हशीवाला माणूस, मला कोण विचारतो?

तर साहेबांनीच विचारलं की! "काका, तुम्हाला काय दिसतं?" हसना तिथेच मागे उभी, बघत होती. सांगून टाकलं सगळं. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, "काका, चित्राकडे इतकं सरळ नसतं बघायचं."

नसेल. मी म्हशीवाला माणूस.

मग हसना जवळ आली. अकरा महिन्यांनी तोंड उघडलं, हळूच म्हणाली, "बाबा, किती हाका माराव्या लागल्या?"

आणि मी शहाणा, खरं सांगून बसलो. "एकच."

वळली आणि गेली. तीन-चार तरी सांगायच्या होत्या हो…