तयार माणूस

ताई : पुन्हा फुटलं?

नवा : हो ताई. सिम्युलेशन सुरू केलं आणि लगेच. कॉम्प्युटरवरची हवा टर्बाइनच्या पात्याला गार करायची सोडून तापतच सुटली. आकडे कुठल्या कुठे गेले.

ताई : सरक, बघू दे. पात्याच्या भिंतीजवळची गणिताची जाळी विरळ केलीस तू.

नवा : चुकून झालं.

ताई : सोमवारी गणितातला वेळेचा टप्पा नको तेवढा मोठा ठेवलास, तेही चुकून. बुधवारी हवा बाहेर पडायच्या तोंडातून आत सोडलीस.

नवा : मला नाहीच जमत हा कोड. लॅबमध्ये आलो तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला.

ताई : ज्याला जमत नाही ना, तो एकच चूक दहादा करतो. तुझी एकही चूक परत होत नाही. आणि फुटतं कधी? दर वेळी सुरुवातीलाच. बाकीच्यांचा मशीनवरचा वेळ वाया जाऊ नये, एवढी काळजी घेऊन फोडतोस.

नवा : परत सुरू करून बघतो.

ताई : राहू दे. सोंग आणायलाही यावं लागतं, बाळा.

नवा : सरांना सांगणार?

ताई : माझा थीसिस सरांच्या टेबलावर धूळ खातोय. "कोड चालवणारा माणूस तयार कर, मग सही करतो." लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंना म्हटलं होतं, सहा महिन्यांत मोकळी होते. तेव्हा नणंद बाळंतपणाला आली होती. तिचा मुलगा आता शाळेत जातो आणि मला विचारतो, मामी, तू सारखी नापास होतेस का?

नवा : आणि मी शिकलो की तुमच्या जागी अडकणारा मामा मी होणार.

ताई : कुणी भरवलं हे तुझ्या डोक्यात?

नवा : भरवायला कशाला हवं कुणी? तुम्हाला हा कोड कुणी शिकवला?

ताई : माझ्या आधीच्या दादांनी.

नवा : पटकन शिकलात?

ताई : फार पटकन. हुशारी दाखवायची हौस. लगेच त्यांची सही झाली. जाताना माझी माफी मागून गेले. मला वाटलं, काय नम्र माणूस!

नवा : तेच तर म्हणतोय मी. माझ्या जागी तुम्ही असता तर?

ताई : असंच फोडलं असतं. पण कॉलेजवाले माझी शिकवायची जागा एक तारखेपर्यंतच धरून ठेवणार आहेत.

नवा : थोडं थांबा म्हणावं.

ताई : दोनदा थांबले. तिसऱ्यांदा तिथल्या प्रिन्सिपल बाईंनी फोनच उचलला नाही.

नवा : ताई, घरी मी थोरला. दुकान धाकट्याच्या गळ्यात टाकून आलोय. तीन वर्षांत परत येतो म्हणालोय त्याला.

ताई : माहितीये. तुझी आई बोलली माझ्याशी. "लेकराला सांभाळून घ्या," म्हणाल्या.

नवा : मग?

ताई : मग काय? आठवडाभर सगळं दिसत असून गप्प बसले, ते सांभाळणंच होतं.

(सर दारात येऊन उभे राहतात.)

सर : काय, कुठवर आलं? कंपनीला अहवाल द्यायचाय.

नवा : पुन्हा फुटलं, सर. मला हे काही...

सर : परत? मग हिला सोडू कसा मी? तूच सांग.

ताई : सर, याला येतं.

सर : येतं?

ताई : माझ्यापेक्षा चांगलं येतं. आत्ता तुमच्यासमोर चालवेल. चालव रे.

नवा : ताई...

ताई : चालवतोस, की तुझे आधीचे फुटलेले रन एकेक उघडून दाखवू सरांना?

नवा : जाळी दाट करतो. थांबा जरा. हं. केलं सुरू.

सर : अरे! फुटत नाहीये की. तापमान बघ कसं शहाण्यासारखं खाली येतंय. मग इतके दिवस काय झालं होतं?

नवा : भीती वाटत होती, सर.

सर : कोडची कसली भीती? बरं, तू उद्या ये गं, सही घेऊन जा. सुटलीस.

ताई : येते, सर.

नवा : सर, पुढच्या वर्षी लॅबमध्ये नवीन मुलं घेणार ना?

सर : कशाला? तू आहेस की.