डावा हात

फिजिओच्या दवाखान्यात गुडघा चोळत बसलेल्या शिंपीणबाईंचा नंबर यायला अवकाश होता. डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे असले, तरी कान शेजारच्या बाकावर अचानक भेटलेल्या दोघींकडेच होते.

"अगं, तू ढमी ना? शाळेत स्काउट-गाइडच्या तंबूत घोरायचीस ती?"

"घोरायचीस तू! आणि तंबू पडला तो माझ्या गाठीमुळे, अशी बोंब ठोकलीस."

"तुझ्याच गाठीमुळे पडला. पावसात सगळ्या भिजलो, तू मात्र गाढ झोपलेली."

"अजून तोंड तसंच आहे गं तुझं."

"बरं, हात तरी मिळव. शालीखाली काय लपवलायस?"

"उजवा उचलत नाही, अर्धांगाचा झटका आल्यापासून. लोक हात पुढे करतात आणि मग तेच ओशाळतात. मी चारचौघांत जाणंच सोडलं."

"मी कुठला पुढे केलाय, ते बघ की आधी."

"डावा?"

"गाइडनं डावाच मिळवायचा. शिकवणाऱ्या ताई सांगून सांगून थकल्या."

"आणि मी मेली दरवेळी उजवाच पुढे करायचे!"

"हो ना? आता चुकून दाखव."