इराचा बोका

मुलीने व्हिडिओ कॉलवर कॅमेरा छताकडे धरला की माझा संशय सुरू होतो, तुम्ही काहीही म्हणा. आमची इरा जर्मनीत कायझर्सलाउटर्नला शिकते. मार्चच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर बार्सिलोनाला गेली होती. मी आणि सासूबाईंनी फोन लावला, तर भर दुपारी समोर नुसतं छत आणि एक दिवा.

"इरा, चेहरा दाखव. आवाज का बसलाय?"

"समुद्राचा वारा लागलाय, आई." मग शेजारच्या मैत्रिणीला जर्मनमध्ये कुजबुजली, "मला काटर झालाय."

आता काटर म्हणजे बोका. पण रात्री जास्त प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं ना, त्यालाही जर्मन लोक काटरच म्हणतात. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "काटर म्हणजे काय गं, इरा?"

"बोका, आजी. इथे रूममध्ये एक बोका आलाय."

"हो का? मग त्याला मीठ-साखरेचं पाणी पाज, घोट घोट. रात्री उपाशीपोटी बाहेर सोडत जाऊ नकोस. आणि मैत्रिणींना सांग, त्याला एकट्याला कुठे सोडून यायचं नाही."

छत हललं. इराचा सुजलेल्या डोळ्यांचा चेहरा समोर आला.

"आजी, तुला कसं कळलं?"

"अगं, लग्नानंतर बरीच वर्षं तुझ्या आजोबांनीही एक पाळला होता."