फिरंग्यांची खिचडी

इतिहास शिकवायचा तर शाळेतच शिकवावा राव, नातेवाइकांना शिकवू नये. मी पेठच्या शाळेत तोच विषय शिकवतो. गेल्या अंगारकीला आत्याला घेऊन लेण्याद्रीला गेलो. आत्याला शुगर आहे, पण उपास कडक. सकाळची गोळी घेऊन झाली होती, म्हणून चढायच्या आधी पायथ्याला साबुदाण्याची खिचडी सांगितली. ती पहिला घास घेणार, तेवढ्यात मी सहज म्हणालो, "आत्या, यातला बटाटा, मिरची, शेंगदाणे, साबुदाण्याचा कंद, सगळं मूळचं अमेरिकेतलं. फिरंग्यांनी जहाजातनं आणलं."

आत्याचा घास हातातच राहिला. "फिरंग्यांचं? आन् मी जल्मभर उपासाला खातीय?" तिनं प्लेट ठेवली आणि तशीच पायऱ्या चढायला लागली.

अर्ध्या वाटेत तिला दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले आणि ती मटकन खाली बसली. माझी गाळणच उडाली. पळत जाऊन खिचडी आणली, हातापाया पडलो. "चारशे वर्षं झाली गं त्याला, आता आपलंच झालं ते. खा."

ती तोंड उघडेना. मग दम खात तिनंच विचारलं, "आन् त्यांनी हितनं काय नेलं रं?"

"आधी मिरी-मसाले नेले. मागनं इंग्रज आले, त्यांनी कापूस नेला आणि शेवटी अख्खं राज्यच घेतलं."

"आसं व्हय?" आत्यानं माझ्या हातातली प्लेट ओढून घेतली. "मंग आजून येक आन."