जाळीतला बोळा

अरे, लालबागला बाबांकडे बाथरूममध्ये नवा शॉवर करून घेतला ना, त्याचं विचारूच नकोस! वॉटरप्रूफिंग झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "पाणी जायच्या जाळीत फडक्याचा बोळा कोंबून पाणी भरून ठेवा. उद्यापर्यंत खाली गळलं नाही, तर लाद्या लावतो." पाणी भरून मी वडाळ्याला घरी आलो आणि बाबांच्या खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकूंना सारखा फोन. शेवटी त्या वैतागल्या, "वर बघून मान मोडली माझी! छत खडखडीत कोरडं आहे रे."

मी घरूनच मिस्त्रीला होकार कळवला आणि लाद्या लागल्या. मी बाबांना ऐटीत म्हटलं, "बघा, थेंब गळला नाही!"

बाबा म्हणाले, "गळतलो कसो? तू गेलंस तसो मी बोळो काढलंय. पाणी तुंबललां."

आता सावंतकाकूंचा फोन आला की मी उचलतच नाही. हा बघ, वाजतोय. तूच उचल ना!