ह्यांची साठ मिनिटं

...आणि वर मलाच विचारतो, "बाई, किती ठिवू? सोळा, बत्तीस का चौसष्ट?" जशी काही मी तूरडाळ घ्यायला आलेय! अरे, चौतीस वर्षं मराठी शिकवलं मी या लातुरात; हे आकडे कशाचे, ते आधी सांगशील की नाही? तर बालाजी, म्हणजे माझाच विद्यार्थी बरं का, आता शाळेमागच्या गल्लीत कोचिंगवाल्यांच्या लेक्चरांच्या सीड्या काढून देतो, तो काय म्हणतो? "आकडा मोठा तर आवाज साफ अन् फाइल जाड. आकडा बारका तर फाइल बारकी. टेन्शन नका घिऊ. आवाज तोच राहतोय बाई, फाइल तेवढी बारीक होती!"

म्हटलं, "आवाज तोच राहतो, तर मग कमी काय होतं?"

"जे कानाला ऐकूच येत न्हाई, तेवढंच मशीन काढतंय."

"कोणाच्या कानाला?"

लागला माउस पुसायला! शाळेतही प्रश्न विचारला की असाच पाटी पुसत बसायचा.

तुम्हाला सांगते, मी काही हौसेने गेले नव्हते. आमचे हे, म्हणजे गणिताचे अण्णाराव सर, गेले त्याला दुसऱ्या दिवशी वर्ष होत होतं. आमची देविका अमेरिकेत. हे गेले तेव्हा तिला येता आलं नाही, वर्षश्राद्धालाही येता येईना. फोनवर एवढंच म्हणाली, "आई, उद्या मला बाबांचा आवाज ऐकायचाय. ई-मेलनं पाठव." आवाज होता, पण एकाच कॅसेटमध्ये. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर माणसं घरात झोपायला धजत नव्हती, तेव्हा ह्यांनी अंगणात पत्र्याखाली बसून, टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन, 'घर पडून मी गेलो तर' अशा शीर्षकाखाली एक तासभर सूचना भरून ठेवल्या होत्या. विम्याची पॉलिसी कुठे, गॅसचं कार्ड कुठे, पाण्याचा कॉक कोणत्या दिशेने फिरतो... घर काही पडलं नाही. हे पुढे तेरा वर्षं जगले, आणि कॉक मीच फिरवत राहिले!

तर तीच कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला बालाजीकडे नेली. पंचाईत अशी, की ई-मेलात दहा एमबीच्या वर काही मावत नाही. मी म्हटलं, "चौसष्ट ठेव. उच्चार स्पष्ट हवेत." झालं! त्याने खटाखट बटणं दाबली, नऊ एमबीची फाइल केली, माझ्या कानाला हेडफोन लावला... आणि मी काय ऐकते? हे धावताहेत! "पॉलिसी लाल फाइलमध्ये नाही पत्र्याच्या डब्यात नाही लाल फाइलमध्येच कॉक डावीकडे..." अहो, आमचे हे! ज्यांना 'भाजीत मीठ बरोबर आहे का' असं विचारलं, तर ताट संपेपर्यंत उत्तर यायचं नाही, मनातल्या मनात ताळा करून पाहायचे, ते हे साठ मिनिटांचे एकोणीस मिनिटांत संपले?

"बालाजी, मधल्या जागा कुठे गेल्या?"

"रिकाम्या जागा व्हय? त्या तर आपण समद्याच सरांच्या काढायलोत, बाई. सर गप्प बसले की पोरांचा टाइम जातोय ना! दोन घंट्याचं लेक्चर सव्वा घंट्यात बसवतो. क्लासवाले लई खूश. आवाज तोच राहतोय बाई..."

तोच? अरे, त्या जागा रिकाम्या होत्या का? पत्रा वाजत होता. शेजारची नागुबाई 'हाललं, हाललं!' म्हणून ओरडत होती आणि कोणी उठतसुद्धा नव्हतं. मी चुलीजवळून विचारत होते, 'चहा गार होतोय, संपल्या का तुमच्या सूचना?' आणि हे नुसते 'हंऽ' करत होते. ते 'हंऽ' मशीनच्या कानाला ऐकू आलं नाही! माझ्या कानाला सदतीस वर्षं तेवढंच तर ऐकू येत होतं!

मागे मुरुडचे एक पालक जीवशास्त्राची सीडी न्यायला उभे. "बाई, उरका की. माझी एसटी हाय."

म्हटलं, "तुमची एसटी आहे, माझ्याकडे उद्या वर्षश्राद्ध आहे. थांबा!"

बालाजी म्हणतो, "तीन तुकडे करून धाडू का?" वर्षश्राद्धाच्या दिवशी माणसाचे तुकडे? शोभतं का हे? मग तो कान खाजवत म्हणाला, "मंग एकच इलाज हाय, बाई. जागा तशाच ठिवायच्या तर सोळावर यावं लागल. सात एमबी. पण सर पिंपात बसून बोलल्यावानी येतील. साफ पाहिजेत तर एकोणीस मिनिटं, पुरे पाहिजेत तर पिंपात. आवाज..."

"आवाज तोच राहतो, असं पुन्हा म्हणालास तर याद राख!"

आता सांगा, जिने चौतीस वर्षं 'तोंड उघडून बोला, शब्द गिळू नका' म्हणून वर्ग डोक्यावर घेतला, तिने काय निवडायचं? स्पष्ट आणि भराभर बोलणारे आता लातुरात गल्लोगल्ली आहेत. थांबून बोलणारा एकच होता. म्हटलं, "सोळा कर."

"बाई, शाळेत आमी असं पिंपातून बोललो असतो तर तुमी छडी दिली असती."

"दिलीच असती. दाब ते बटण!"

गेली फाइल. दुसऱ्या दिवशी देविकाचा फोन, रडवेला आवाज. "आई, फाइल बिघडलीय गं. चार मिनिटं झाली, नुसतं सूंऽऽ येतंय. बाबा काही बोलतच नाहीयेत."

म्हटलं, "बिघडलेली नाही, देविका. पॉलिसी कुठे ठेवली, ते आठवताहेत. मी सदतीस वर्षं थांबले... तू आणखी दोन मिनिटं थांब."